आठ दिवसांची मोजणी, एका दिवसाचा अहवाल

यशवंत,

परवा दवनीवाड्याला तुझ्या पुण्यानुमोदनाला आलो होतो. मंडपात अगदी मागे, बांबूला टेकून बसलो. समोर जो तो उठून सांगत होता की यशवंत रामटेके फार शांत माणूस होता, कुणाला कधी दुखावलं नाही. पंधरा वर्षं एका खोलीत तुझ्यासमोर टेबल लावून बसलेल्या माणसाला हे ऐकणं अवघड होतं. तू शांत कधी होतास? तू भांडायचास. रेघ अर्धा मिलिमीटर सरकली तरी भांडायचास. चहा गार आला तरी, आणि मी एखादी गोष्ट 'जाऊ दे' म्हणालो की हमखास.

कुणीतरी म्हणालं, "बिसेनभाऊ, तुम्ही त्यांचे भागीदार. दोन शब्द बोला." मी हातानंच नको म्हटलं. मंदावहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. तिथं जे बोलता आलं नाही ते इथं लिहितो आहे. तू वाचणार नाहीस हे माहीत आहे. तू वाचणार असतास तर मी कदाचित लिहिलंही नसतं, इतका मला ओळखून तू गेलास.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला त्या वर्षी आपण भेटलो. नव्या जिल्ह्याला सगळंच मोजून हवं होतं, कचेऱ्यांच्या जागा, रस्ते, नाल्या. आपण दोघंही डिप्लोमावाले, एकाच ठेकेदाराकडे. एक दिवस मी दुर्बिणीशी आणि तू पट्टी धरून उभा, दुसऱ्या दिवशी उलट. पुढं झेरॉक्सच्या दुकानावरची खोली घेतली आणि पाटी रंगवली, 'बिसेन आणि रामटेके, सर्वेक्षण व आराखडे'. पेंटरनं तुझं नाव थोडं बारीक काढलं होतं. मी म्हणालो, जाऊ दे, जागा पुरली नसेल. तू म्हणालास, "तुह्यं नाव बारीक असतं त तू जाऊ देलं असतं काय?" आणि पेंटरला पाटी खरवडून पुन्हा लिहायला लावलीस. मी बाजूला उभा राहून वाहतूक बघत होतो, जणू या भांडणाशी माझा संबंध नाही.

त्याच्याही आधीचं एक आहे. तू आमच्या गावी पहिल्यांदा जेवायला आलास तेव्हा काकूनं तुझं ताट ओसरीवर वेगळं वाढलं. मी आत जेवलो. जेवण झाल्यावर तू तुझा गिलास स्वतः विसळून पालथा ठेवलास आणि म्हणालास, "भाजी मस्त होती काकू." वाटेत आपण सायकलींवर दोन कोस बोललो, पण त्यावर एक शब्द नाही. तू पुन्हा कधी आमच्याकडे जेवला नाहीस. मी पुन्हा कधी आग्रहही केला नाही. आपल्या मैत्रीत माझ्या वाट्याला न बोलणं आलं होतं, ते मी नीट निभावलं.

फुलचूरचं काम आलं तेव्हा आपलं बरं चाललं होतं. तिथल्या रस्त्याला लागून एका शेठला संकुल बांधायचं होतं. खाली दुकानं, वर फ्लॅट, मागच्या अंगाला लग्नाचं लॉन. परवानगीच्या फायलीला वाहतुकीचा अहवाल जोडायचा होता. आज रस्त्यावर किती गाड्या आहेत, संकुल झाल्यावर किती वाढतील, रस्त्याला ते झेपेल की नाही. ते काम नागपूरच्या एका सल्लागारांनी घेतलं आणि रस्त्यावर बसून मोजायचं काम आपल्याकडे दिलं. ते म्हणाले, "एक दिवस पुरे. सकाळ-संध्याकाळचे गर्दीचे तास घ्या." शेठ जागा दाखवताना हसत म्हणाला, "रिपोर्ट तो फॉर्मेलिटी है भैया, आप आराम से करो."

आपण जूनमध्ये एक दिवस बसलो. करंजीच्या झाडाखाली दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, मांडीवर पॅड. शहरात जाणाऱ्या गाड्या तुझ्या, बाहेर जाणाऱ्या माझ्या. चार उभ्या रेघा, पाचवी तिरपी. संध्याकाळी बेरीज केली आणि मी म्हणालो, झालं. तू तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकून रस्त्याकडे पाहत बसलास. "झालं काय? शाळा बंद हायेत. लगनं आटपली. धानाचा एक टॅक्टर नाई. ह्या रस्त्यावर आज कोनीच नव्हतं लेका, आन् आपन मोजून राहिलो."

अहवाल दिवाळीनंतर द्यायचा होता. तेवढ्या वेळात तू, बहुतेक एकटाच, आणखी सात दिवस तिथं जाऊन बसलास. शाळा उघडल्यावर एकदा, आठवडी बाजाराच्या दिवशी एकदा, मिलांकडे धान निघाल्यावर दोनदा. शहरातल्या एका लॉनबाहेर, तुळशीचं लग्न लागल्यावरच्या पहिल्या तिथीला, तू लग्नाची वऱ्हाडं मोजलीस. मला हाताला धरून नेलंस आणि दाखवलंस की पुस्तकातले अंदाज मोठ्या शहरांचे आहेत, आपल्याकडे अख्खं गाव एका ट्रॉलीत बसून येतं आणि ती ट्रॉली रस्त्यावरच उभी राहते, कारण ती आत वळतच नाही. मला कंटाळा आला होता. तुझे डोळे चमकत होते. काम करताना तू देखणा दिसायचास, हे मी तुला कधी म्हणणं शक्य नव्हतं.

त्या सात दिवसांतल्या एका सकाळी मीही होतो. राईस मिलमध्ये कामाला जाणाऱ्या चार बाया डब्याच्या पिशव्या घेऊन रस्त्याच्या कडेनं आल्या. त्यातली एक थांबली आणि तुझ्या पॅडवर वाकून म्हणाली, "भाऊ, मले कोन्त्या खान्यात लिवलं?"

तू तक्ता पाहिलास. मोटार, मोटरसायकल, सायकल, बस, ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाडी. म्हणालास, "तुमाले नाई लिवलं बाई."

"काऊन? रोज त जातो मी इथून."

बाकीच्या हसल्या, तीही हसली आणि गेली. आपल्या हिशेबात सायकल म्हणजे मोटारीचा तुकडा धरतात आणि बैलगाडी म्हणजे कैक मोटारी. पायी चालणारा त्या बेरजेत येतच नाही. त्याच्यासाठी निराळी मोजणी लागते, आणि ती आपल्याकडे कुणी मागितली नव्हती. तू खिशातून पट्टी काढलीस, तक्त्याच्या उजव्या कडेला रेघ मारून एक खाना पाडलास आणि वर लिहिलंस, 'पायी'. त्या चौघींच्या चार रेघा आधी मारल्यास. मग दर वेळी तो खाना भरत गेलास.

शेवटी आठ दिवसांचे तक्ते आणि त्यासोबत तुझ्या हातचं एक पान तयार झालं. त्यात तू लिहिलं होतंस की संकुलाचं गेट नकाशात जिथं दाखवलंय तिथं रस्त्याला वळण आहे आणि शेजारी ऑटो थांबतात, म्हणून गेट मागच्या गल्लीत न्यावं. लॉनच्या गाड्या आतच उभ्या राहतील एवढी जागा सोडावी. पायी जाणाऱ्यांसाठी कडेला उंच पट्टी बांधावी. एवढंच. काम थांबवा असं तू कुठंही म्हटलं नव्हतंस. लोक पुढं तुला विकासाचा शत्रू म्हणाले तेव्हा मला हे माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नाही.

नागपूरला सल्लागारांनी तक्ते चाळले आणि जूनचा एक दिवस बाजूला काढला. बाकीचे आपल्याकडे सरकवले. "हे कामाच्या व्याप्तीत नाही. लॉन रोज भरत नाही, ते धरायची गरज नाही. या पानाची तर मुळीच नाही." तू विचारलंस, "गेटचं काय?" ते म्हणाले, "गेट वास्तुविशारद ठरवतो, मोजणीदार नाही." मग त्यांनी शेवटचं पान पुढं केलं. मोजणी करणाऱ्याची सही.

तू पेन उचललंच नाहीस. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "एक सही चालेल. पुढची कामंही तुमच्याकडेच द्यायचा विचार आहे."

मी सही केली.

परतीच्या गाडीत आपण समोरासमोर बसलो होतो. भंडारा रोड स्टेशन गेलं तेव्हा तू विचारलंस, "सही काऊन केली?"

"मी नसती केली तर दुसऱ्यानं केली असती."

"मंग त्याले करू द्याची होती."

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. गोंदियाला उतरल्यावर तू माझी पिशवी मला दिलीस आणि "जातो पटील" म्हणून निघालास. तू रागावलास की मला पटील म्हणायचास.

तरी तू खोली सोडली नाहीस. मला वाटलं होतं तू सोडशील. पुढच्या वर्षी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मी महिनाभर गावी अडकलो, तेव्हा चिचगडच्या जंगलातल्या तलावाची अख्खी मोजणी तू एकट्यानं केलीस. परत आलो तेव्हा वही टेबलावर होती. मोजणीदार म्हणून दोघांची नावं, माझं आधी. मी म्हणालो, मी तर गेलोच नव्हतो. तू म्हणालास, "तुह्या बापाले बरं वाटते ना आता?" विषय संपला. तुझ्यासारख्या माणसाचे आभार कसे मानायचे ते मला कधी जमलं नाही, आणि तू ती संधीही ठेवायचा नाहीस.

संकुल उभं राहिलं. गेट वळणावर आलं. लॉन सुरू झालं आणि लग्नाच्या दिवशी फुलचूरच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी गाड्या लागू लागल्या. मी शहरात जायला दुसऱ्या वाटेनं जाऊ लागलो. गर्दी असते, असं घरी सांगायचो.

तो लग्नाचाच दिवस होता. दिवेलागणीची वेळ, मिल सुटलेली. बाया नेहमीसारख्या कडेनं चालत येत होत्या, पण कडेला गाड्या उभ्या होत्या म्हणून त्या डांबरावरून चालत होत्या. गेटातून एक मोटार उलटी बाहेर आली. तिला चुकवायला टेम्पोवाल्यानं डावीकडं घेतलं. तीन बाया उडी मारून सरकल्या. चौथीला ते जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू खोलीत आलास, चपला न काढता खुर्चीवर बसलास आणि म्हणालास, "सगुनाबाई गेली."

मी विचारलं, "कोण सगुणाबाई?"

तू चपला काढून दाराशी ठेवल्यास. मग म्हणालास, "जिले लिवलं नव्हतं ते."

तुला तिचं नाव माहीत होतं. त्या सात दिवसांत तू चौघींचीही नावं विचारली होतीस, त्यांच्या डब्यातलं खाल्लं होतंस. मी पेपर वाचला. त्यात 'भरधाव टेम्पो' असं होतं. तू म्हणालास की त्या वळणावर लग्नाच्या दिवशी कुणी भरधाव जाऊच शकत नाही, हे आठ दिवस मोजलेल्या माणसाला विचारा. टेम्पोवाला कोठडीत होता. गेट उघडं होतं. त्या संध्याकाळीही तिथं लग्न होतं.

मग तू अर्ज सुरू केलेस. गेट मागच्या गल्लीत न्या, एवढीच मागणी. कचेरीत तुला विचारलं गेलं की फायलीत तर रस्त्याला भार झेपतो असा अहवाल आहे, त्यावर तुमच्याच फर्मची सही आहे, मग तुमचे हे सुटे तक्ते कुठून आले? तू माझ्याकडे आलास. तुला एकच कागद हवा होता. आठ दिवस मोजणी झाली होती, ती मी पाहिली होती आणि अहवालातून ती वगळली गेली, असं माझ्या सहीनं लिहिलेलं.

मी म्हणालो, पाहू.

पावसाळा गेला, हिवाळा गेला, मी पाहू म्हणत राहिलो. कधी म्हणालो वकिलाला विचारतो. कधी म्हणालो मुलीची परीक्षा होऊ दे. तू एकदा चिडून म्हणालास, "तुले काय होईल बे? तुह्या मांगं धानाच्या बांध्या हायेत. माह्या मांगं काय हाये?" हे खरं होतं. सही नाकारून पडला असतास तर तुला झेलायला जमीन नव्हती, आणि तू नाकारलीस. माझ्या मागे जमीन होती, घर होतं, आडनाव होतं, आणि मी केली. इतक्या साध्या गोष्टीवर मी विचार करायचं टाळलं, कारण विचार केला असता तर ओसरीवरच्या ताटापर्यंत जावं लागलं असतं.

आणि मग ते वाक्य. ते लिहिल्याशिवाय या कागदाला अर्थ नाही. तू पुन्हा विचारलंस तेव्हा मी म्हणालो, "तू सही न करून काय मिळवलंस? बाई तर मेलीच."

तू खर्ऱ्याची पन्नी घडी करून खिशात ठेवलीस आणि जिना उतरून गेलास. दुसऱ्या दिवशी वेळेवर आलास, ड्रॉइंगचं टेबल पुसलंस, कामाला लागलास. त्यानंतर तू मला तो कागद कधीच मागितला नाहीस. मला हलकं वाटलं, यशवंत. लाज त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी वाटली, आधी हलकंच वाटलं.

अर्ज मात्र तू एकट्यानं चालू ठेवलेस. तुझे पाय सुजायला लागले तेव्हाही. नंतर किडनीचं निघालं आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नागपूर सुरू झालं. मी काही वेळा सोबत आलो. त्याच गाडीत, तसेच समोरासमोर. तू झोपायचास, किंवा झोपल्यासारखं करायचास. शेवटच्या खेपेला, दुपारी, मशीन चालू असताना तू म्हणालास, "वळनावर गतिरोधक टाकला म्हनते."

मी म्हणालो, "हो. पाहिला."

"गेटाच्या अलीकडं का पलीकडं?"

मला माहीत नव्हतं. मी त्या रस्त्यानं जातच नव्हतो. म्हणालो, "अलीकडं."

तू डोळे मिटून म्हणालास, "मंग ठीक हाये." आपलं शेवटचं बोलणं ते. मी तुझ्याशी बोललेली शेवटची गोष्ट खोटी होती. तुझ्या अंत्ययात्रेनंतर जाऊन पाहिलं. गतिरोधक गेटाच्या पलीकडं आहे, गाडी गेट ओलांडून गेल्यावर लागतो, तिथं त्याचा काही उपयोग नाही.

सही काऊन केली, ते सांगतो. भ्यालो होतो. कामं जातील याला नाही, कामं आली-गेली असती. नागपूरच्या त्या थंड खोलीतला साहेब माझ्यावर नाराज होईल, मला तुझ्यासारखा भांडकुदळ समजेल, तुझ्या बाजूचा समजेल, याला भ्यालो. दुसऱ्यानं केली असती वगैरे मी नंतर जुळवलं. तुला हे केव्हाच कळलं असणार. तुला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं आणि मी तुला तेवढंही दिलं नाही.

परवाच्या कार्यक्रमानंतर घरी येऊन मी तो कागद लिहिला. दीड पान झालं. सगळं लिहिलं, कोणत्या महिन्यांत मोजणी झाली, काय वगळलं, सही माझी आहे आणि ती करताना मला हे ठाऊक होतं. काल तो घेऊन दवनीवाड्याला गेलो. मंदावहिनी अंगणात होत्या. त्यांनी हात पुसून कागद घेतला, उभ्या उभ्याच सगळा वाचला.

"हे त्यायच्या जितेपनी आनलं असतं त," त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

मी मान खाली घातली. त्या आत गेल्या. मला वाटलं कागद घेऊन गेल्या, आता येणार नाहीत. पण त्या तुझे आठ दिवसांचे तक्ते घेऊन बाहेर आल्या, कापडात गुंडाळलेले. म्हणाल्या, "हे जोडा." मग माझ्या कागदावर पहिल्याच ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथं 'माझे दिवंगत सहकारी' काऊन लिवलं?"

मी म्हणालो, "वहिनी, सरकारी अर्ज आहे. तसंच लिहितात."

"आजारात सारखे म्हनत, माह्या दोस्तानं असं केलं. सहकाऱ्यानं केलं असं नाई म्हनले कधी."

मी खिशातून पेन काढलं, त्यांच्या ओट्यावर कागद ठेवला, 'सहकारी' खोडलं आणि वर 'मित्र' लिहिलं.

आज सकाळी आम्ही दोघं कचेरीत गेलो. टेबलावरच्या बाबूनं कागद उलटसुलट केला आणि म्हणाला, "पहल्या ओळीत खाडाखोड हाये. फेअर करून आना." वहिनी म्हणाल्या, "असाच घ्या." त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, शिक्का मारला आणि कागद ढिगावर ठेवला. उत्तर कधी येईल ते त्याला सांगता आलं नाही.

येताना फुलचूरच्या रस्त्यानं आलो. गेट तिथंच आहे. बाया कडेनं चालत होत्या.